मांडीवरची जागा

"एवढ्या गर्दीत लेकरं घेऊन निघायचंच कशाला?"

हे वाक्य खडकीच्या फलाटावर सकाळी आणि संध्याकाळी हमखास कानी पडते. रूपाने ते प्रश्नार्थक आहे, पण बोलणाऱ्याला उत्तर नको असते. बहुधा ते त्या आईला उद्देशून नसतेच. शेजारच्या तिऱ्हाइताकडे पाहून, पण आईच्या कानांवर पडेल अशा बेताने ते उच्चारलेले असते. त्यात कर्ता नाही. 'निघायचंच' यातील शेवटचा 'च' सगळा अर्थ वाहून नेतो: गर्दी ही निसर्गाची गोष्ट, आणि मूल मात्र कुणीतरी हौसेने आणलेले ओझे.

त्याच डब्यात आणखी एक वाक्य ऐकू येते : "द्या इकडे त्याला." हे आज्ञार्थी आहे, त्यात नम्रतेचा एकही शब्द नाही, आणि तरीही मराठीत यापेक्षा सौजन्याचे वाक्य आम्हांला पटकन आठवत नाही. अनोळखी हात पुढे होतात, मूल कडेवरून मांडीवर जाते, आईचा एक हात मोकळा होतो आणि ती वरचा दांडा धरते. विशेष म्हणजे ही दोन्ही वाक्ये एकाच गर्दीची आहेत; कित्येकदा एकाच तोंडची. या दोन वाक्यांचा इतिहास पुणे-मुंबई लोहमार्गाच्या आणि त्याला समांतर जाणाऱ्या रस्त्याच्या आधाराने शोधता येईल काय, असा हा प्रयत्न आहे.

खडकी हे ठिकाण त्यासाठी सोयीचे आहे. पाठ्यपुस्तकात खडकी येते ती १८१७ सालच्या लढाईपुरती. नंतरची खडकी ही छावणीची, कारखान्यांची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची. दारूगोळ्याचा कारखाना येथे १८६९ पासून आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात १९४६ ची. एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला पिंपरी-चिंचवड, आणि मधे ही छावणी, जी दोन्ही महापालिकांची नाही. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून खडकी हे 'मधले स्थानक' आहे. ज्यांनी मधल्या स्थानकावरून रोजचा प्रवास केला आहे त्यांना या शब्दाचे वजन सांगावे लागणार नाही. गाडी जिथून सुटते तिथे जागा चपळाईने मिळते. मधल्या स्थानकावर चपळाई निरुपयोगी असते, कारण गाडी येते तीच भरलेली. तिथे जागा मिळते ती दुसऱ्याच्या मनात आले तर. सार्वजनिक वृत्तीचा अभ्यास करायचा तर पुणे स्टेशनपेक्षा खडकी बरी.

आता थोडे मागे जाऊ. मुंबईकडून लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला. खंडाळा ते पुणे हा टप्पा १८५८ मध्ये सुरू झाला. मधला बोरघाट मात्र १८६३ पर्यंत तुटलेलाच होता. ही पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीने, तट्टावर, गाडीने किंवा पायी घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसत. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांची मुले पालखीत गेली असतील, इतरांची कडेवर, असे मानायला हरकत नाही. आम्हांला या मधल्या काळाचे महत्त्व वाटते ते एका कारणासाठी. पायी प्रवासात मूल सगळ्या तांड्याचे असते. थकलेल्या बाईकडून ते दुसरी बाई घेते, पुढच्या चढावर कुणी पुरुष खांद्यावर घेतो. यात्रेची, वारीची, माहेरी-सासरी जाण्याची शतकांची ही सवय. घाटाच्या खाली आणि वर आगगाडी होती, मधे ही जुनी पायवाट होती. आणि ती सवय तिथून डब्यात चढली असावी. रेल्वेने तिकीट मात्र माणशी दिले. तांडा नाहीसा झाला, प्रवासी उरला.

रेल्वेच्या कायद्याने या प्रवाशाची दखल कशी घेतली? १८९० च्या कायद्यातील ६४ वे कलम मराठीच्या अभ्यासकांनीही वाचावे असे आहे. १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवावा, आणि गाडी पन्नास मैलांहून अधिक जाणार असेल तर त्या कप्प्यात शौचकूप असावा, असे त्यात म्हटले आहे. तरतूद स्वागतार्ह होती, यात शंका नाही. परंतु तिच्यामागची कल्पना ओझ्याची नाही, पडद्याची आहे. परपुरुषांच्या दाटीत घरची बाई बसणार कशी, ही त्या काळच्या प्रतिष्ठित कुटुंबांची चिंता होती आणि तिचे उत्तर म्हणून हा कप्पा आला. बाईच्या कडेवर काय आहे, हा प्रश्न कलमाने विचारलेला नाही. त्याची अस्पष्ट चाहूल लागते ती फक्त शौचकुपाच्या ओळीत. (लोणावळा ते पुणे हे अंतर चौसष्ट किलोमीटर, म्हणजे पन्नास मैलांच्या आतच भरते. लोकलमध्ये शौचकूप नाही. जुन्या कायद्याची मर्यादा पाळण्यात आपण कधी कधी फार काटेकोर असतो.)

१९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ५८ व्या कलमात हीच तरतूद नव्या शब्दांत आली: स्त्रियांसाठी कप्पा, किंवा काही बर्थ, किंवा आसने. म्हणजे शंभर वर्षांत कायद्याला दोन व्यक्ती दिसल्या. एक 'स्त्री', आणि दुसरी भाड्याच्या तक्त्यातली 'बारा वर्षांखालील मूल', जिचे अर्धे तिकीट. या दोघांच्या बेरजेतून जी तिसरी व्यक्ती होते, जिला मराठीत 'लेकुरवाळी' असा नेमका आणि मानाचा शब्द आहे, ती कायद्याच्या भाषेत आलीच नाही. तिची व्यवस्था गर्दीवर सोपवली गेली.

ही गर्दी कशी होती याचे एक चित्र याच मार्गावरचे आहे. १९१७ साली महात्मा गांधी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेले. भाडे तेरा रुपये नऊ आणे. त्या अनुभवावर त्यांनी लिहिलेले टिपण पुढे तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावरील पुस्तिकेतून सर्वत्र गेले. डब्यावर बावीस उतारूंची मर्यादा लिहिलेली होती. पुणे येईपर्यंत आत बावीसच माणसे राहिली याचे श्रेय ते रेल्वेला देत नाहीत. आतल्या दांडग्यांनी बाहेरच्यांना दारातच रोखून धरले म्हणून ती मर्यादा पाळली गेली, असे त्यांचे निरीक्षण आहे. रायचूरनंतर तेही जमेना. आम्हांला हे निरीक्षण फार मोलाचे वाटते. नियम होता, आणि तो पाळलाही गेला. पण पाळला गेला तो मनगटाच्या जोरावर. जिचे दोन्ही हात मुलात गुंतलेले आहेत तिने अशा दारातून आत यायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर लोकांनी शोधले ते खिडकी. मूल खिडकीतून आत देणे ही आपल्याकडची अशी रीत आहे की तिच्यावर कुणी स्वतंत्र लिहिलेले आमच्या वाचनात नाही. एस. टी. च्या फलाटावर ती आजही पाहायला मिळते. गाडी लागते, दाराशी झुंबड उडते, आणि मागे राहिलेली बाई खिडकीशी येऊन मूल वर उचलते. आतला माणूस तिला ओळखत नाही, तीही त्याला ओळखत नाही. तो मूल घेतो. पुढची दहा मिनिटे ते मूल त्याच्याजवळ असते आणि आई दाराच्या गर्दीत. यात केवढा विश्वास आहे हे आपल्याला जाणवत नाही, कारण आपण तो लहानपणापासून पाहिला आहे. पण त्यात चतुराईही आहे. खिडकीतून रुमाल टाकला तर जागा धरली जाते. मूल ठेवले तर ती अधिक पक्की धरली जाते. रुमाल कुणी उचलून बाजूला ठेवू शकतो, रडणारे मूल ठेवू शकत नाही. आगगाडीच्या खिडक्यांना गज आले तेव्हा ही वाट तिथे बुजली. गज सुरक्षेसाठी होते, त्याविषयी तक्रार नाही.

आत शिरल्यावर पुढचा व्यवहार मांडीचा. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, त्याला 'चौथी सीट' म्हणण्याची पद्धत मुंबईची, पण पुणे-लोणावळा मार्गानेही ती आपलीशी केली आहे. या चौथ्या सीटच्या राज्यात मुलाला बाक नाही, मांडी आहे. 'बाळाला मांडीवर घ्या' असे म्हटले जाते तेव्हा दोन अगदी निराळ्या गोष्टी घडू शकतात. एक, पाच-सहा वर्षांच्या मुलाला उठवून त्याच्या जागी मोठा माणूस बसतो, म्हणजे मूल जागा गमावते. दोन, बसलेला माणूस आपली मांडी देतो, म्हणजे मूल जागा मिळवते. शब्द जवळपास तेच, फक्त मांडी कुणाची एवढाच फरक.

आणि मांडी मिळते ती संबोधनातून. "ताई, द्या इकडे." "काकू, त्याला माझ्याकडे पाठवा." "मावशीकडे येतोस?" नातेवाचक शब्द उच्चारला गेला की त्या शब्दाची कर्तव्ये आपोआप लागू होतात. भाऊ झाल्यावर बहिणीचे मूल घ्यावेच लागते. खडकी ते चिंचवड एवढेच आयुष्य असलेले हे कुटुंब. पण तेवढ्यात मुलाला शेंगदाणे मिळतात, खिडकी मिळते, 'नाव काय तुझं' होते, आणि उतरताना 'टाटा कर मामाला'. राखीव जागेच्या पाटीला जे शंभर वर्षे सुचले नाही ते एका हाकेने साधले, असे म्हणून येथे थांबण्याचा मोह होतो. मराठी ललित लेखनात प्रवासाची जी उबदार वर्णने येतात ती बहुधा इथेच थांबतात.

परंतु हाक सगळ्यांना तीच नसते. त्याच डब्याच्या दाराशी, पायाशी बोचके आणि पदराला मूल अशी बांधकामावरची मजूर बाई बसलेली असते. तिला 'ताई' कोण म्हणते? तिला म्हटले जाते, "ए बाई, सरक." या संबोधनात नाते नाही, म्हणून कर्तव्यही नाही. तिचे मूल तेवढेच लहान, तेवढेच झोपेला आलेले. पण ते मांडीवर घ्यायला हात पुढे होत नाहीत. कपडे मळके, केस तेलावाचून. 'रोग बिग असेल' हे कारण मनातल्या मनात तयार. ती स्वतःही मागत नाही. तिला ठाऊक असते. मूल ती खाली, पायांच्या गर्दीत, आपल्या दोन गुडघ्यांच्या मधे बसवते.

या हाकेचा आणि जातीचा संबंध काय आहे हे मराठी मुलखातल्याच एका प्रवासाने कायमचे लिहून ठेवले आहे. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून चार मुले वडिलांना भेटण्यासाठी आगगाडीने निघाली. बरोबर मोठे माणूस नव्हते. आई आधीच वारली होती. मसूर स्थानकावर ती उतरली. न्यायला कुणी आले नव्हते, कारण निरोप पोचलाच नव्हता. नवे कपडे, चांगल्या टोप्या. स्टेशनमास्तर आपणहून चौकशीला आला, आस्थेने बोलला. मग त्याने विचारले, तुम्ही कोण? मुलांपैकी एकाने सांगितले, महार. स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, आणि तो निघून गेला. गाडीवाले दुप्पट भाडे देऊ केले तरी बसवून न्यायला तयार होईनात. शेवटी एक तयार झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनी हाकावी आणि तो पायी चालेल. त्या मुलांतले एक म्हणजे भीमराव आंबेडकर. ही आठवण त्यांनी पुढे इंग्रजीत लिहिली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ती आज जगभर वाचली जाते.

आपण हा प्रसंग अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून शिकवतो, आणि तो तसा आहेच. पण तो प्रवासातील मुलांविषयीच्या करुणेचाही इतिहास आहे. धर्मशास्त्राने मुंज न झालेल्या मुलाला सोवळ्याओवळ्याच्या पुष्कळ नियमांतून मोकळे ठेवले होते. मूल सगळ्यांचे, असे आपण म्हणत आलो. मसूरच्या फलाटावर या 'सगळ्यांचे'ची कड दिसते. मुले पाहून मास्तराला दया आली, ती खरी होती. एक शब्द ऐकून ती आटली, तेही खरे. पुढे काही वेळाने त्यानेच परत येऊन गाड्यांची खटपट केली, हे आंबेडकरांनी नोंदवायचे टाळलेले नाही. आम्हांला वाटते की या नोंदीमुळेच तो माणूस अधिक भयंकर आणि अधिक ओळखीचा होतो. सौजन्य त्याच्यात होते, पण ते कुणाला लागू आहे हे आधी विचारून घेणारे होते. कलमाने मिळालेली जागा आणि हाकेने मिळालेली मांडी यांतला फरक येथे आहे. हाक देणारा ती परत घेऊ शकतो.

राज्य परिवहनाने आपल्यापरीने काय केले? पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) धावली. तिच्या खिडक्यांच्या वरची राखीव जागांची अक्षरे हा एक लहानसा समाजशास्त्रीय ग्रंथच आहे. महिला, अपंग, ज्येष्ठ नागरिक, पत्रकार, स्वातंत्र्यसैनिक; आणि अर्थात विधिमंडळ सदस्य. लाल गाडीत आमदार चढल्याचे पाहिलेला प्रवासी विरळा, पण त्याची जागा पक्क्या रंगात लिहिलेली. मूल घेतलेल्या बाईने 'महिला' या शब्दाखाली बसावे अशी अपेक्षा. आणि तिथे आधीच एक महिला बसलेली असेल, तिच्याजवळ मूल नसेल, तर कोणी उठावे याविषयी पाटी गप्प.

नाव मात्र एस. टी. ने फार बोलके निवडले. तिची निमआराम गाडी 'हिरकणी', आणि बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी जो कक्ष असतो तोही 'हिरकणी कक्ष'. दंतकथा सर्वांना ठाऊक आहे: रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, तोफ होताच बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हे मूल, आणि रात्रीचा तो कडा. २०१९ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. या कथेचा गौरव आपण आईच्या धाडसाचा म्हणून करतो. पण कथा पुन्हा सांगून पाहावी. बाईने पहारेकऱ्यांना विनवले, मूल लहान आहे, जाऊ द्या. नियम वाकला नाही. ती जीव धोक्यात घालून उतरली. दुसऱ्या दिवशी तिचा सन्मान झाला, आणि ज्या जागेवरून ती उतरली तिथे बुरूज बांधून ती वाट बंद करण्यात आली. दुर्गाच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु जी व्यवस्था मुलाच्या आईसाठी सोय करू पाहते तिने या कथेतले नाव घ्यावे, यात एक अजाण विनोद आहे. आईचे कौतुक करायचे आणि दरवाजा होता तसाच ठेवायचा, ही आपली जुनी पद्धत. कक्ष उपयोगी आहेत, याबद्दल दुमत नाही. मात्र ते स्थानकावर असतात. मूल रडते ते गाडीत.

अर्ध्या तिकिटाविषयी थोडक्यात. पाच वर्षांखालील मूल फुकट आणि बाराखालील अर्धे, या हिशेबाने कित्येक मुलांना वाहकासमोर वर्षानुवर्षे साडेचार वर्षांचे ठेवले. १९६२ च्या 'हाफ टिकट' या हिंदी चित्रपटात किशोरकुमार अर्ध्या तिकिटासाठी स्वतःच बाळ होतो. तो विनोद भारतभर कळला, कारण तो प्रत्येक घरचा होता. एप्रिल २०१६ पासून रेल्वेने आरक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे लावले. अर्ध्या भाड्यात मूल आले तर बर्थ नाही. म्हणजे पुन्हा मांडी. एस. टी. त मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे झाले, आणि आई व मूल दोघेही अर्ध्या तिकिटाची झाली. त्यानंतर 'बायकांनी गाड्या भरल्या' हा सूर काही पुरुष प्रवाशांत उमटला. सुरुवातीच्या वाक्याचेच ते चुलत भावंड.

एका माणसाचा उल्लेख राहिला, आणि तो बापाचा. 'लेकुरवाळा' हा शब्द वर्गात विचारला तर मुले बरोबर विठ्ठलाचे नाव घेतात. जनाबाईच्या नावावरील अभंगाने तो मराठी मनात रुजवला आहे. अंगाखांद्यावर मुले घेतलेला पुरुष, ही प्रतिमा आपल्या भक्तिपरंपरेच्या मध्यभागी आहे. लोकलच्या डब्यात मात्र या पुरुषाला जागा नाही. मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत आईबरोबर महिला डब्यात चालतो. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन निघालेला बाप तिथे चढू शकत नाही. तसे केल्यास तो गुन्हा आहे. तो सर्वसाधारण डब्यात चढतो, आणि तिथे त्याच्याकडे दोन नजरांनी पाहिले जाते. एक कौतुकाची: 'बघा, बाप असून सांभाळतो'. दुसरी शंकेची: 'आई कुठे आहे हिची?' आईला दटावले जाते, बापाला शाबासकी मिळते. पण जागा दोघांनाही तितक्याच अनिश्चिततेने. १८९० मध्ये पडद्याच्या कल्पनेवर उभी राहिलेली व्यवस्था मुलाच्या बाजूने कधी पुन्हा तपासलीच गेली नाही, त्याचा हा परिणाम.

ती तपासली गेली एकदा, आणि ती उलट्या दिशेने. करोनाच्या टाळेबंदीनंतर मुंबईच्या लोकलमध्ये २१ ऑक्टोबर २०२० पासून स्त्रियांना ठरावीक वेळेत प्रवासाची मुभा मिळाली. थोड्याच दिवसांत अनेक स्त्रिया मुले घेऊन येत असल्याचे दिसले. नोव्हेंबर अखेरीस रेल्वेने जाहीर केले की मुभा स्त्रियांना आहे, मुलांना नाही. आणि मुले बरोबर असलेल्यांना अडवण्यासाठी स्थानकांच्या दारांवर सुरक्षा दलाची माणसे उभी राहिली. साथीचा काळ, संसर्गाची भीती. निर्णयामागे कारण होते. पण शाळा बंद, पाळणाघरे बंद, आणि आईला कामावर बोलावणे आलेले. तिने मूल कुठे ठेवायचे, हे जाहीर सूचनेत नव्हते. शंभराहून अधिक वर्षे लेकुरवाळीकडे न पाहणाऱ्या नियमाची नजर तिच्यावर नेमकी पडली ती तिला दारात थांबवण्यासाठी. "लेकरं घेऊन निघायचंच कशाला" हे फलाटावरचे वाक्य त्या आठवड्यांत कार्यालयीन भाषेत अवतरले होते.

इतरत्र हा प्रश्न कसा हाताळला गेला, हे पाहताना आपली गर्दी आणि त्यांची गर्दी एक नव्हे हे ध्यानात ठेवावे लागते. जपानमध्ये बाबागाडी घडी न करता आगगाडीत आणि बसमध्ये नेता यावी, असे २०१४ मध्ये सरकारी पातळीवर ठरले आणि तिचे एक चिन्ह निश्चित झाले. ते ठरवावे लागले, कारण उघड्या बाबागाड्यांवरून प्रवाशांत तेढ होती. इंग्लंडात एका बसमध्ये चाकाच्या खुर्चीच्या जागी बाबागाडी होती, मूल झोपले होते, आणि आईने ती हलवायला नकार दिला. चाकाच्या खुर्चीतला प्रवासी चढू शकला नाही. हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये निकाल आला. चालकाने केवळ विनंती करून गप्प बसू नये, त्याने आणखी आग्रह धरावा, इथपर्यंत न्यायालय गेले. प्रवाशाला सक्तीने हलवावे इथपर्यंत गेले नाही. सर्वोच्च न्यायालयालाही शेवटी दुसऱ्या प्रवाशाच्या मनाच्या उंबरठ्याशी थांबावे लागले, ही गोष्ट आम्हांला विचार करायला लावते. फरक एवढाच, की तिथे मनाच्या अलीकडे एक आखलेली जागा होती. आपल्याकडे मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या वातानुकूलित डब्यात खालच्या बर्थला जोडलेल्या 'बेबी बर्थ'चा प्रयोग झाला. कल्पना चांगली, पण ती आरक्षित प्रवाशासाठी. दाराशी बसलेल्या बाईपर्यंत असले प्रयोग पोचत नाहीत.

आता खडकीत मेट्रो आली आहे. पिंपरी ते फुगेवाडी हा टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, ऑगस्ट २०२३ मध्ये गाडी पुढे शहरात शिरली, तरी खडकीचे स्थानक उघडायला २०२५ उजाडले. तिथे उद्वाहक आहे, सरकता जिना आहे, डब्यात उभे राहायला धड जागा आहे. या मार्गावर बाबागाडी ढकलत नेणारे आईबाप आम्ही प्रथमच पाहतो आहोत, पी. एम. टी. च्या काळात हे दृश्य अशक्य होते आणि २००७ मध्ये ती पी. एम. पी. एम. एल. झाल्यावरही झाले नाही. मेट्रोत कुणी कुणाचे मूल मांडीवर घेत नाही. गरज पडत नाही, आणि अनोळखी माणसाच्या हाती मूल देण्याची आताच्या आईबापांची तयारीही नाही. त्यांना दोष देता येणार नाही. मुलांविषयीच्या ज्या बातम्या रोज हातातल्या फोनवर येतात त्या वाचून कोण देईल? फोनमुळे दुसरेही काही झाले आहे. मान खाली असलेल्या माणसाला समोर उभी असलेली बाई दिसत नाही, आणि दिसली नाही तर नाकारल्याचा दोषही लागत नाही.

जुन्या मांडीसाठी हळहळणारे लेखन आता पुष्कळ होईल. आमचे मत तसे नाही. मेट्रोच्या दारात तिकीट दाखवलेल्या मजूर बाईला 'ए बाई' म्हणून सरकवणे निदान थोडे अवघड आहे, आणि उद्वाहक कुणाला 'तुम्ही कोण' असे विचारत नाही. परंतु बोचके, पाटी आणि मूल असा तिहेरी बोजा घेऊन निघणाऱ्या बायका त्या जिन्यावर अजून क्वचितच दिसतात. त्या रेल्वेच्या फलाटावर असतात. पुण्याहून येणारी लोकल शिवाजीनगरलाच भरलेली असते. खडकीला दार उघडे असते, पण दारात माणसे असतात, आणि गजांच्या खिडकीतून मूल आत देता येत नाही.